सात, आठ, एकोणीस

झुग्दिदीच्या आमच्या शाळेत, सातव्या प्रश्नाशी
सव्वीस मुलं अडली.
एका त्रिकोणाच्या बाजू सात, आठ, एकोणीस सेंटीमीटर.
क्षेत्रफळ काढा. गुण चार.

मला नऊ लिहायचे होते.
नवाच्या मागे तो एक कुठून आला, सांगता येत नाही.
रात्री वीज गेली होती, मेणबत्ती होती,
दार उघडं दिसलं की मांजर शिरतं
तसा एक आकडा शिरला.
पण हे झालं कारण. चूक माझी.

सात आणि आठ पंधरा.
एकोणिसाच्या दोन टोकांवर दोघं उभे राहिले
आणि हात लांबवून लांबवून थकले
तरी मध्ये चार सेंटीमीटर उरतात.
तिथे कुणीच नाही.

पेपर शेगडीपाशी तपासले.
बेसोनं सूत्रात आकडे घातले,
वर्गमुळाखाली वजा तीन हजार साठ आले,
तेव्हा वजा त्यानं गुपचूप गिळला
आणि पंचावन्न पूर्णांक तीन दशांश
चौरस सेंटीमीटर नसलेली जमीन
मला मोजून दिली. खाली दुहेरी रेघ.
नानुलीची आकृती सुबक;
पट्टी लावून पाहिली, तर बाजू अकरा नि बारा.
तिनं माझ्या त्रिकोणाची अब्रू राखली होती.
नऊ जणांनी जागा कोरी सोडली.
त्सोत्नेनं एवढंच लिहिलं: टोकं भेटत नाहीत.
त्याचे आजोबा एंगुरीच्या पलीकडे राहतात,
पूल बंद असला की दोघं फोनवर बोलतात.
त्या ओळीवर मी जरा जास्त थांबले.

ओतारी मुख्याध्यापक म्हणाले, सरसकट द्या.
लामझिरा म्हणाली, प्रश्नच रद्द करा, छत्तिसातून मोजा.
कुणी म्हणालं, ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच.
आणि कोरं सोडणं हाही प्रयत्न असला तर?
यावर अर्धा तास गेला, चहा गार झाला.
सरसकट ठरलं.
नऊ जणांचा सुंठीवाचून खोकला गेला,
बेसोच्या जमिनीचा सातबारा झाला,
माझी चूक सव्वीस नावांपुढे वाटली गेली,
प्रत्येकी चार.

मधल्या सुट्टीत ग्वान्त्सा आली.
"चार गुण नकोत," म्हणाली, "पंचवीस मिनिटं हवीत."
तिनं तीनदा कंपास फिरवला होता.
खोडून खोडून कागद पातळ झालेला,
पलीकडची अक्षरं दिसत होती.
आधी वाटलं पट्टी चुकते, मग वाटलं मी.
छापलेलंही खोटं असू शकतं
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.
आठवा आणि नववा कोरे.

नोंदवहीत गुणांचा रकाना आहे.
रजेचा आहे, गणवेशाचा आहे,
दात तपासल्याचासुद्धा आहे.
मिनिटांचा नाही.

शाळा सुटल्यावर तिला शेगडीजवळ बसवलं,
मनगटावरचं घड्याळ काढून मध्ये ठेवलं.
बाहेर कुणीतरी हेझलनटच्या फांद्या छाटत होतं,
कट्, मग बराच वेळ काही नाही, मग कट्.
पंचवीस मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही.

आठवा बरोबर.
नवव्यात शेवटच्या पायरीला कंस सोडवताना
एक चिन्ह उलटं पडलं.
मी पेन्सिलीनं गोल केला. पेनाची गरज नव्हती,
हे कुठे चढणार नव्हतंच.

ती वाकली, गोलाकडे पाहत राहिली.
"ही माझी आहे," म्हणाली.
मफलर गुंडाळताना पुन्हा म्हणाली, ही माझी,
जवळजवळ खुशीत,
आणि दार लावायचं विसरून गेली.